बिनआवाजाचा डबा

डिसेंबरातल्या एका सकाळी सुजातानं स्वयंपाकघरातून मला चहाला हाक मारली आणि ती मला ऐकू आली नाही. ती बाहेर आली, म्हणाली, तीन वेळा हाक मारली. मी म्हणालो, ऐकू नाही आली. मग आम्ही चहा प्यालो आणि मी कंपनीच्या बसला गेलो.

एवढंच झालं त्या दिवशी. तुम्ही म्हणालात सुरुवातीपासून सांगा, तर मला सुरुवात तिथूनच करावी लागते, कारण त्याच्या आधीचं सगळं आता दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं. आणि गंमत अशी की त्या दिवशी आम्हा दोघांनाही वाटलं, दोष माझ्या कानांचा आहे. वाटणारच. तुम्ही तिच्या शाळेतल्या शिक्षिका, तुम्हाला तिचा आवाज माहीत आहे, मैदानावर माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या मुलाला कळायचं की बाई आपल्यालाच बोलतायत. तो आवाज कमी होईल हे कुणाच्या डोक्यात येणार? आणि माझे कान म्हणजे, काय सांगू तुम्हाला, सव्वीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये झिजलेले.

मी मूळचा मिरजगावचा. वडील तिथल्या अडत्याकडे हमाली करायचे, आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. घरात पुस्तक नव्हतं, पण वडील पोत्यांबरोबर आलेले जुन्या छापील कागदांचे तुकडे घरी आणायचे आणि मी ते वाचायचो, निम्मी गोष्ट असायची, निम्मी फाटलेली. फाटलेला भाग मी मनानं जोडायचो. ती सवय राहिली. मॅट्रिक झालो, नगरला आयटीआय केलं, फिटर झालो, काही वर्षं छोट्या वर्कशॉपांत काढली, आणि सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत प्रेस शॉपला लागलो. पत्र्याचे भाग ठोकून काढायचे. पहिल्या दिवशी फोरमन म्हणाले, साळवे, उद्यापासून कान घरी ठेवून या, हात घेऊन या. मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. तिथं एका वेळी वीस प्रेस पडत असतात, कानाला काही कळतच नाही, म्हणून मशीनचा आवाज हातानं ऐकायचा असतो. तळहात फ्रेमवर ठेवायचा, बेअरिंग खराब असलं तर तळव्याला कळतं. फारच बारीक काही असलं तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवायची. सव्वीस वर्षं मी असंच ऐकलं. कानात घालायला आमच्या वेळी कापूस मिळायचा, तोही मागितला तर.

सुजाता नगरचीच. लग्नाआधीपासून शिक्षिका. सावेडीत आम्ही दोन खोल्यांपासून सुरुवात केली, नंतर हा फ्लॅट घेतला. एकच मुलगी, प्रज्ञा, ती पुण्याला नोकरी करते. आमचं आयुष्य साधं होतं. रोज जेवण झालं की एक सिनेमा, किंवा त्याचा निम्मा भाग, उरलेला दुसऱ्या दिवशी. आणि सिनेमा चालू असताना सुजाता बोलत राहायची. ह्या बाईनं ही साडी आताच नेसली होती, आता दुसरी कशी? हा माणूस खोटं बोलतोय बघा, खोटं बोलताना हात मागे घेतो. लोकांना असं मध्ये बोललेलं आवडत नाही, मला तेच आवडायचं. मला सिनेमा निम्मा पडद्यावर दिसायचा आणि निम्मा तिच्या बोलण्यात.

तर कान. ती मला ओढतच कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी काही आवाजांना दाबलं, मग बराच वेळ काहीच आलं नाही, मला वाटलं मशीन बिघडलं. बाहेर आल्यावर त्यांनी कागद दाखवला. त्यावर एक रेघ होती, ती बरीचशी सरळ जाते आणि मग एकदम खाली पडते. डॉक्टर म्हणाले, तुमचे बारीक आवाज गेलेत, कारखान्यातल्या माणसांचे जातातच, चिमणी-बिमणी तुम्हाला ऐकू येणार नाही. पण बायकोचं बोलणं घरात ऐकू यायला काही हरकत नाही. मग त्यांनी सुजाताकडे बघून विचारलं, बाई, तुमचा आवाज पहिल्यापासून असाच आहे का? ती म्हणाली, थोडा बसलाय, शाळेत ओरडून. डॉक्टर म्हणाले, जीभ जरा बाहेर काढता का?

तो कागद मी घरी आणून वीजबिलांच्या फाईलमध्ये लावला आणि विसरलो. तो विसरायला नको होता, हे लक्षात ठेवा, त्याच्याकडे मला परत यायचंय.

पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातायत. तिच्या बाबतीत सुरुवात घशापासून आणि जिभेपासून झाली, पुढं हात, पाय, शेवटी श्वास. औषध नाही. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं आणि कानही. डॉक्टर हे जणू चांगली बातमी असल्यासारखं म्हणाले, कान आणि डोळे चांगले राहतील, त्यांना करमणुकीला काहीतरी द्या. परत येताना ती गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होती. सुपा आल्यावर म्हणाली, तुमची कंपनी आली. एवढंच.

आता कॉम्प्युटरचं सांगतो. टीव्हीखाली आमचा एक जुना कॉम्प्युटर होता. सिनेमे त्याच्यात होतेच, पण खरं म्हणजे तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांची सगळी रेकॉर्डिंग त्याच्यात होती. तुम्हाला माहितीय, नाटकं ती स्वतः लिहायची आणि बसवायची. कॅमेरा माझ्याकडे असायचा. समोर पाहुण्यांच्या खुर्च्या, त्यामुळे मला जागा मिळायची ती स्टेजच्या बाजूला, विंगेच्या तोंडाशी, आणि विंगेत सुजाता वही घेऊन उभी. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये मुलांच्या आवाजाखाली तिचा आवाज आहे, हळू, वाक्य पुरवणारा. एका नाटकात एक मुलगी झाड झाली होती. तिचं वाक्य होतं, मला चालता येत नाही, म्हणून मी बघत राहते. ती मुलगी ते विसरली. टेपमध्ये सुजाता ते वाक्य सांगते, थांबते, पुन्हा सांगते. मग सांगत नाही. नुसती शांतता, आणि बऱ्याच वेळानं मुलगी बोलते. मी एकदा विचारलं होतं, तिसऱ्यांदा का नाही सांगितलंस, केवढी घाबरली होती ती. म्हणाली, दोनदा सांगायचं. तिसऱ्यांदा सांगितलं की ते वाक्य माझं होतं, तिचं राहत नाही.

मार्चपर्यंत तिचं बोलणं कुजबुजीसारखं झालं होतं. आणि तो जुना कॉम्प्युटर म्हणजे पिठाची गिरणी. सुरू केला की आतले पंखे घुमायला लागायचे, तो जाडा आवाज मला चांगला ऐकू यायचा आणि तिचं बोलणं त्यात बुडून जायचं. एका संध्याकाळी आम्ही एक सिनेमा बघत होतो, ती काहीतरी म्हणाली, मी हं म्हणालो. पुन्हा म्हणाली, मी पुन्हा हं म्हणालो. तिनं माझ्याकडे वळून बघितलं. तिच्या लक्षात आलं की मला ऐकू आलेलं नाही आणि मी नुसता हुंकार भरतोय. ती रागावली नाही. समोर बघायला लागली आणि त्या संध्याकाळी पुढं काही बोलली नाही. तेव्हा मी ठरवलं की असा कॉम्प्युटर बनवायचा ज्याला अजिबात आवाज नाही. तिचं जेवढं बोलणं उरलंय तेवढं मला ऐकायचं होतं. बाकी माझ्या हातात काही नव्हतं, हे होतं.

मी वाचणारा माणूस. इंटरनेटवर इंग्रजीत लोकांनी लिहिलेलं सगळं डिक्शनरी घेऊन वाचलं, वहीत उतरवून घेतलं. गोष्ट साधी आहे. आवाज करतो पंखा आणि फिरणारी डिस्क. फिरणाऱ्या डिस्कच्या जागी न फिरणारी मिळते, ती लावायची. पंखा असतो उष्णतेसाठी. पंखा काढायचा तर आतली उष्णता तांब्याच्या नळ्यांनी बाहेर आणून डब्याच्या ॲल्युमिनियमच्या अंगाला द्यायची, डबाच तापेल आणि हवेत निवेल. मी नगरच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, सगळं द्या, पंखा तेवढा नको. दुकानदार म्हणाला, काका, नवरदेव द्या पण नाक नको, असं झालं हे. शेजारचं गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो.

डबा मी स्वतः केला. भंगारवाल्याकडून पात्या-पात्यांचं ॲल्युमिनियम आणलं, हॅक्सॉनं कापलं, कानस मारली. आतली तापणारी चिप जिथं टेकते तो पृष्ठभाग अगदी सपाट लागतो, नाहीतर उष्णता पलीकडे जात नाही, म्हणून कंपनीत आम्ही साच्याला करतो तसं निळा रंग लावून, सपाट पाटीवर फिरवून तपासलं, जिथं उंचवटा तिथला निळा रंग निघतो, तेवढाच घासायचा, पुन्हा लावायचा. रोज कामावरून आलो की बाल्कनीत बसायचो, सुट्टीच्या दिवशी सकाळपासून. ती खुर्चीत बसून बघायची. तेव्हा शब्द जड झाले होते, पण एकदा तिनं एकेक शब्द उचलून सांगितलं, आवाज न करणारी वस्तू करायला किती आवाज करताय! आम्ही दोघं इतके हसलो की तिला ठसका लागला आणि मग मी घाबरलो. त्यानंतर ती समोर असताना मी विनोद करायचं टाळायला लागलो. ते पण चुकलंच.

मिरजगावहून आई आली होती राहायला. ऐंशीच्या पुढची आहे, पण अजून भाकरी करते. ती म्हणाली, आरं चार म्हयने झालं नुसता डबा घासतोयस, हिच्यापाशी बसावं जरा. मी म्हणालो, आई, तिच्यासाठीच करतोय. आई म्हणाली, व्हय, पर ती हितं हाय आन तू बाल्कनीत. मला राग आला होता तेव्हा. आता ते वाक्य मला रोज आठवतं.

जुलैमध्ये डबा पूर्ण झाला. काळा रंग दिला, खाली प्रेसच्या रबराचे पाय लावले. सुरू केला. टीव्हीवर चित्र आलं आणि खोलीत काही नाही. मी तळहात ठेवला. थरथर नाही. लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक डब्यावर, मूठ कानामागं. काही नाही. काय सांगू तुम्हाला, सव्वीस वर्षांत एवढं शांत मशीन मी हाताखाली धरलं नव्हतं. मी सुजाताला विचारलं, येतोय का काही आवाज? तिनं मान जरा तिरकी करून ऐकलं. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, काही नाही.

आईला विचारलं. ती म्हणाली, मला तर कुकरची शिट्टी बी ऐकू येत न्हाई, मला काय इचारतोस.

तेव्हा मी आनंदात होतो. हातांतली शक्ती जायला लागली होती तिच्या, रिमोट दाबता येत नव्हता, म्हणून मी प्रेसची बटणं आणली. प्रेसवर ऑपरेटरला दाबायला हिरवं बटण असतं, तळहाताएवढं, आणि शेजारी लाल असतं. हिरव्यानं मशीन चालतं, लाल दाबलं की सगळं जागच्या जागी थांबतं. लाल बटणाशिवाय प्रेस चालवायची नाही, हा पहिला नियम, मी स्वतः नव्या माणसांना तो शिकवलाय. मी दोन्ही रंगांची बटणं आणली आणि हिरवं तेवढं बसवलं. एकदा दाबलं की सिनेमा चालू, पुन्हा दाबलं की थांबलेला. डबा बंद करायचं बटण दिलं नाही. मी विचार असा केला की चुकून हात पडला आणि डबाच बंद झाला तर आईला तो सुरू करता येणार नाही, मी सुप्याला, ही दिवसभर कोऱ्या पडद्याकडे बघत पडेल. म्हणून लाल बटण ड्रॉवरमध्ये ठेवलं. आणि डबा टीव्हीखालून काढून टीव्हीसमोर मांडलेल्या तिच्या पलंगाशी आणला, उशीजवळच्या फळीवर, कारण बटणाची वायर छोटी पडत होती आणि आवाज तर नव्हताच. सकाळी जाताना सुरू करायचो, संध्याकाळी येईपर्यंत सुरू.

पहिले काही आठवडे खरंच तसं झालं जसं मला पाहिजे होतं. मी तिच्या तोंडाशी कान नेऊन बसायचो, जुनी नाटकं लावायचो, ती काहीबाही म्हणायची आणि मला ऐकू यायचं. टेपमध्ये तिचा विंगेतला आवाज यायचा आणि शेजारी हा आवाज, दोन्ही हळू. एकदा म्हणाली, तेव्हा मी मुद्दाम हळू बोलायचे.

त्याच दिवसांत एकदा ती म्हणाली, हे बंद ठेवलं तरी चालेल, दुपारी. मी म्हणालो, अगं असू दे की, त्याला ना आवाज ना काही. आठ-दहा दिवसांनी पुन्हा म्हणाली, बंद केलं तरी चालेल. मी म्हणालो, विजेची काळजी करू नकोस, झिरोच्या बल्बएवढी खातो. ती हसली. त्यानंतर कधी म्हणाली नाही.

दिवाळीनंतर आवाज पूर्ण गेला. थंडीत बोटं गेली, हिरवं बटण नुसतं हाताखाली राहिलं. मग डोळे उरले. मी अक्षरांचा तक्ता केला होता, बोटानं एकेक अक्षर दाखवत जायचं आणि हव्या अक्षरावर तिनं डोळे मिटायचे, पण ती लवकर थकायची, आणि मी पण, खोटं कशाला बोलू, कामावरून आल्यावर मी पण थकलेला असायचो. मग आमचं असं ठरून गेलं की ती बघेल त्यावरून मी समजायचं. पाण्याच्या भांड्याकडे बघितलं की पाणी. खिडकीकडे बघितलं की पडदा. आणि ती डब्याकडे बघायची. मान वळत नव्हती, डोळे कोपऱ्यात नेऊन डब्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे. मी म्हणायचो, नाटक लावू? आणि लावायचो. ती पुन्हा बघायची. मी म्हणायचो, दुसरं लावू? आणि दुसरं लावायचो. आई म्हणायची, लई नाद हाय हिला पिच्चरचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात छातीत कफ झाला आणि तीन दिवसांत ती गेली. घरीच. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, बुद्धवंदना झाली, शाळेतले सगळे आलात तुम्ही, जेवणं झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी, आई आणि प्रज्ञा तिघंच होतो. मला वाटलं झाडाचं नाटक बघावं. मी डबा सुरू केला. प्रज्ञा उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं रडायला गेली. मी तिला हाक मारली, अगं ये, तुझ्या आईचा आवाज आहे यात. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, आता तरी बंद करा ते. मी म्हणालो, कमी करू का आवाज? ती म्हणाली, नाटक नाही. डबा.

मी म्हणालो, डब्याला पंखा नाहीये, बेटा. ती म्हणाली, पंखा नाही, पण शिट्टी आहे. बारीक. सारखी. डासासारखी, पण डास निघून जातो.

मी तळहात ठेवला. काही नाही. स्क्रू ड्रायव्हर लावला. काही नाही. आईकडे बघितलं, तिनं मान हलवली, मला न्हाई बाबा येत. डब्याच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला आई, दोघांनाही ऐकू येत नाही, आणि पोरगी मधोमध कानांवर हात ठेवून. तिनं मोबाईल काढला, त्याच्यात आवाजाचं चित्र दिसतं, तो डब्याजवळ धरला आणि मला दाखवला. बारीक आवाजांच्या टोकाला एक रेघ उभी होती, सरळ, न हलता. डबा बंद केला, रेघ गेली. सुरू केला, आली. मी उठलो आणि वीजबिलांची फाईल काढली. कानाच्या डॉक्टरांचा कागद होता तिथंच. जिथं माझी रेघ खाली पडते त्याच्या पलीकडे ही रेघ.

मी विचारलं, तुझ्या आईला येत होता हा आवाज? प्रज्ञा म्हणाली, पहिल्या दिवसापासून. मी ऑगस्टमध्ये आले तेव्हाच मला ऐकू आला, मी तुम्हाला सांगायला उठले तर तिनं माझा हात धरला. तेव्हा तिच्या हातात जोर होता थोडा. म्हणाली, त्यांना सांगू नकोस. चार महिने हातानं घासलंय त्यांनी. मला सवय होईल. मी दर वेळी आले की तिला खुणेनं विचारायचे, झाली का सवय, आणि ती डोळे मिटायची. शेवटी शेवटी मी विचारायचंच सोडलं, बाबा. मी ऐकायचं टाळण्यासाठी लवकर निघायचे.

मी तिला म्हणालो, शेवटचे दोन महिने ती डब्याकडे बघायची. लावा म्हणून बघायची की बंद करा म्हणून?

प्रज्ञा म्हणाली, मला माहीत नाही.

आई म्हणाली, लावा म्हनत असंल, दुसरं काय म्हनंल. आईला मला बरं वाटावं असं वाटत होतं.

मी हे तुम्हाला का सांगतोय, तर तुम्ही तिच्याबरोबर वीस वर्षं शिकवलंत, तुम्हाला तिचं माहीत आहे. दोनदा सांगायची ती. दुपारी बंद ठेवलं तरी चालेल, एकदा. बंद केलं तरी चालेल, दुसऱ्यांदा. मी मोजलं नाही. झाडाच्या मुलीसारखा मी पण उभा होतो स्टेजवर, फक्त ती मुलगी शेवटी बोलली.

आणि दोष काय होता सांगू? मी पुन्हा सगळं वाचलं, ते इंग्रजीत लिहिलेलंच होतं, मी पहिल्यांदा ते पान आपल्या कामाचं नाही म्हणून सोडून दिलं होतं. आतल्या सर्किटच्या पट्टीवर तांब्याच्या तारेची छोटी छोटी वेटोळी असतात. वीज वाहताना एखाद्या वेटोळ्याची तार सैल असली तर ती थरथरते आणि गाते. एवढंच. आता आमच्या कंपनीत जळलेली मोटर नव्या तारेनं पुन्हा भरली की तिच्या वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या गुंडाळीला, वॉर्निश पाजतात, ते कशासाठी, तर तारा थरथरू नयेत म्हणून. मी शेकडो मोटरींना वॉर्निश पाजलेलं बघितलंय. एक थेंब. सुकायला एक दिवस. मला जर कुणी म्हणालं असतं की साळवे, तुमचा डबा वाजतोय, तर दुसऱ्या दिवशी तो गप्प असता. मला जमत नव्हतं असं नाही. मला माहीत नव्हतं एवढंच, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना माझं मन मोडायचं नव्हतं. माझं मन मोडलं असतं तर काय झालं असतं? दोन दिवस हिरमुसलो असतो. तिला जवळजवळ अकरा महिने शांत मिळाले असते.

प्रज्ञा परत गेली, त्याच आठवड्यात मी डबा उघडला. कोणतं वेटोळं ते मला ऐकू येणार नव्हतं, म्हणून सगळ्यांना एकेक थेंब वॉर्निश दिलं, पेंटिंगच्या बारीक ब्रशनं, तिच्याच, शाळेतल्या. रविवारी प्रज्ञा आली, तिनं डब्याला कान लावला, मोबाईल धरला, पुन्हा कान लावला. म्हणाली, गेला, बाबा. आता काहीच नाही. मी हात ठेवून बघितला. हाताला आधीही काही लागलं नव्हतं. आई म्हणाली, चला, झालं येकदाचं, आणि स्वयंपाकाला लागली.

आता पलंग काढला. डबा पुन्हा टीव्हीखाली गेला. मी अजून कंपनीत जातो, दोन वर्षं राहिलीत. नव्या माणसांना मी कापूस नाही, चांगले प्लग घालायला लावतो, घातले नाहीत तर मशीनला हात लावू देत नाही. ते म्हणतात साळवे काका फार बोलतात. संध्याकाळी आई आणि मी एक नाटक बघतो. झाडाची मुलगी गप्प होते, विंगेतून ती वाक्य सांगते, एकदा, मग दुसऱ्यांदा. ते मला ऐकू येतं. ड्रॉवरमधलं लाल बटण मी काढून डब्यावर बसवलं आहे. नाटक संपलं की मी ते दाबतो.